तर्जनी कुठे आहे ते आधी बघा

मंडळी, आजचा विषय ‘चोळ राजवटीत संतांच्या मूर्ती का घडल्या’ असा छापलाय. त्याकडे येतोच. आधी एक तक्रार ऐकून घ्या, घरचे आता ऐकत नाहीत.

एका संग्रहालयात, नाव नको, ब्राँझची एक सुरेख मूर्ती आहे. गुटगुटीत पोर, एक पाय उचललेला, कमरेला करगोटा. खाली पाटी, ‘नृत्यरत बाळकृष्ण’. तिथल्या साहेबांना म्हटलं, अहो, हा कृष्ण नव्हे, हा संबंधर, तमिळ शिवभक्तांमधला बालसंत. ‘कशावरून?’ म्हटलं, तर्जनी बघा, सरळ वर रोखलीय. नाचऱ्या बाळकृष्णाचा तो हात अभयमुद्रेत असतो, नाहीतर त्यात लोण्याचा गोळा असतो. साहेब शांतपणे म्हणाले, ‘गोळा पडला असेल.’ (हशा) हसा, हसा. मी लेखी अर्ज दिला. उत्तर आलं, ‘नोंद घेतली आहे.’ पाटी अजून तीच.

आता ते बोट का वर आहे? सातव्या शतकातली गोष्ट, तमिळनाडूतलं गाव सीरकाळी. तीन वर्षांचं पोर देवळाच्या तळ्याकाठी बसवून वडील बुडी मारायला गेले. पोरानं भोकाड पसरलं. साक्षात पार्वतीनं येऊन सोन्याच्या वाटीतून दूध पाजलं. वडील वर येऊन बघतात तर तोंडाला दूध! कुणाच्या हातचं प्यायलास म्हणून छडी उगारली, तेव्हा पोरानं बोट वर केलं आणि गाऊ लागलं. म्हणजे ओतारानं नाच ओतलेला नाही, पहिल्या पदाचा पहिला क्षण ओतलाय. आणि आपण त्याला लोणी चिकटवतो.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं असाच एक नाचरा संबंधर १९८९ मध्ये विकत घेतला. तो भारताला परत करणार असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. मालकीचे कागद काही का असेनात, पाटी तरी बरोबर होती!

बाकीचे संतही असेच हातांवरून ओळखायचे. अप्पर म्हाताऱ्या वयातही देवळाच्या आवारातलं गवत काढत, म्हणून त्यांच्याजवळ लांब दांड्याचं खुरपं. माणिक्कवाचकरांच्या हाती ताडपत्रं. कारैक्काल अम्मैयारच्या हाती टाळ. रूप नको, मला भुतासारखी कर, असं या बाईनं शिवाकडे मागितलं. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात ती बसलीय. बरगड्या मोजून घ्या, स्तन सुकलेले, आणि चेहऱ्यावर हसू. देखणेपणाच्या सगळ्या शास्त्राला तिनं टाळ वाजवून निरोप दिलाय. तंजावरला जाल तेव्हा बृहदीश्वराचं देऊळ बघून लगेच साड्यांच्या दुकानात शिरू नका. आपल्या भोसल्यांच्या राजवाड्यात ब्राँझचं दालन आहे, तिथे...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मूर्ती का घडल्या? माझं म्हणणं एवढंच, की आधी गाणं आलं, मूर्ती मागून आली. चोळ राजा राजराजानं १०१० च्या सुमारास बृहदीश्वर पुरं केलं. तिथला शिलालेख सांगतो की या संतांची पदं गायला त्यानं अठ्ठेचाळीस गायक नेमले, साथीला दोन वादक, आणि सगळ्यांना भात बांधून दिला. पदं अशी रोजच्या पूजेत पगारी झाली, तेव्हा ज्यांची पदं त्यांनाही देवळात जागा मिळाली. त्याच देवळाच्या कारभाऱ्यानं संबंधर, अप्पर, सुंदरर आणि त्यांची पत्नी परवै यांच्या धातूच्या मूर्ती दिल्या. कुणाची उंची किती हात, किती बोटं, तेही भिंतीवर कोरलंय.

दुसरं, घाईत सांगतो. या मूर्तींच्या पीठाला कड्या किंवा भोकं असतात, दांड्या घालायला. आपण पालखीत संतांच्या पादुका नेतो, तमिळ देवळांतून अख्खे संत मिरवणुकीला निघतात, रेशीम नेसून, हारांनी झाकलेले. तेव्हा दिसतो तो चेहरा, आणि फार तर हात. ओतारानं हातांवर एवढी मेहनत का घेतली, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. मूर्ती ओतायची रीत, म्हणजे मेण, राळ, कावेरीची माती, साचा फोडणं, हे सगळं सांगायचं राहिलं. ज्यांना घाई नाही त्यांनी चहाला थांबा.