पाटी लावली म्हणून चर्च वाचत नाही

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. मेथडिस्ट म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ. त्याच्या ऐतिहासिक चर्चला वारसा-संरक्षण द्यायचं म्हणजे नेमकं कशाला द्यायचं, आणि कोणाला विचारून? किल्ला किंवा राजवाडा जपताना मूळ मालक इतिहासजमा झालेला असतो, त्यामुळे काम सोपं असतं. चर्चमध्ये मात्र मालक दर रविवारी समोरच्या बाकावर येऊन बसतो. कधीकधी तोच उठून म्हणतो, ‘ही इमारत आम्हाला नको.’

मेथडिस्ट परंपरेत तर हे म्हणण्याला मुळातच आधार आहे. या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली १७३९ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळ उघड्यावर, खाणकामगारांपुढे प्रवचनं देऊ लागला. त्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये ‘न्यू रूम’ हे प्रवचनगृह बांधायला घेतलं. ते अजून उभं आहे आणि जगातली सर्वांत जुनी मेथडिस्ट वास्तू म्हणून ओळखली जाते. पण वेस्लीला इमारतींचं वेड नव्हतं. प्रवचनगृहं साधी आणि नीटनेटकी असावीत, टाळताच येणार नाही एवढाच खर्च करावा, असा त्याचा नियम होता. त्यामागचं कारण मला फार आवडतं. खर्च वाढला की श्रीमंतांवाचून चालत नाही, आणि एकदा त्यांच्यावर विसंबलं की ते म्हणतील तसं वागावं लागतं. धर्मोपदेशक असून माणूस हिशेबाला पक्का होता.

अनुयायांनी पुढे घुमट उभारलेच. पण हा नियम ते पुरते विसरले नाहीत. लंडनचा वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉल १९१२ मध्ये उघडला. ज्या निधीतून तो बांधला, त्यासाठी दहा लाख लोकांकडून प्रत्येकी एक गिनी (जुनं ब्रिटिश चलन) घ्यायची योजना होती. याच सभागृहात १० जानेवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेची पहिली बैठक भरली. अशा वास्तूला संरक्षण द्यावं की नाही, यावर कोणी वाद घालणार नाही. खरा वाद होतो तो मधल्या फळीतल्या चर्चवर: शहराच्या ऐन मध्यात जागा, मंडळीतली (म्हणजे त्या चर्चच्या सदस्यांतली) माणसं घटलेली, विटांची जुनी बांधणी, आणि खालच्या जमिनीला सोन्याचा भाव.

अमेरिकेतल्या सिॲटल शहराचं फर्स्ट युनायटेड मेथडिस्ट चर्च हे याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण. मंडळी १८५३ पासूनची, म्हणजे शहराच्या बाल्यातली. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि मॅरियन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची घुमटाची इमारत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेली. विटा आणि टेराकोटाची ही वास्तू. भोवती काचेचे मनोरे वाढत गेले आणि ती त्यांच्यात बुटकी दिसू लागली.

सिॲटलमध्ये १९७३ पासून वारसा-वास्तूंचा कायदा आहे. इमारत किमान पंचवीस वर्षं जुनी हवी आणि ठरलेल्या सहा निकषांपैकी एकात तरी बसायला हवी. आधी नामांकन होतं, मग शहराचं वारसा-मंडळ त्यावर निर्णय घेतं, आणि दर्जा मिळाला की बाह्यरूपात बदल करायचा तर या वारसा-मंडळाची परवानगी लागते. नामांकनाला मालकाची संमती लागत नाही. ठिणगी पडली ती इथे. चर्चने न्यायालयात धाव घेतली आणि १९९६ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चर्चच्या बाजूने निकाल दिला. मंडळीने इमारत विकून तो पैसा आपल्या धर्मकार्याला लावायचं ठरवलं, तर शहराने आडवं येणं म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर बोजा टाकणं, असं न्यायालयाने मानलं. इमारत मुख्यतः उपासनेसाठी वापरात आहे तोवर शहराला हा कायदा तिच्यावर लावता येणार नाही.

संवर्धनवाल्यांनी या निकालावर खूप कपाळाला हात लावले. मला स्वतःला न्यायालयाचं फारसं चुकलं असं वाटत नाही. ज्या मंडळीच्या लेखी बेघर माणसांसाठीचं काम हीच खरी उपासना, तिला तुम्ही सांगता, आधी घुमटाची डागडुजी करा. पैसे कोण देणार? यावर आपण गप्प. भूकंपाच्या पट्ट्यातल्या शहरात विनासळईचं विटांचं बांधकाम मजबूत करायचं तर खर्चाचा आकडा छोट्या मंडळीचे डोळे पांढरे करतो. वारशाचा दर्जा आपण देणार आणि बिल ते भरणार, हा व्यवहार वेस्लीला नक्कीच रुचला नसता.

पण निकालाची दुसरी बाजूही पाहा. मंडळी तिथे उपासना करते आहे तोवर कायद्याचे हात बांधलेले, आणि मंडळी निघून गेली की मोकळे. म्हणजे कायद्याला शिरकाव मिळतो तो नेमका त्या वास्तूचा प्राण गेल्यावर.

इथे थोडं आत डोकावू या. आपण मेथडिस्ट चर्चचं छायाचित्र काढतो ते रस्त्यावरून. पण ही परंपरा ऐकण्याची आहे, आणि तिची खरी वास्तुकला आत आहे. ओहायोमधल्या ॲक्रनचं उदाहरण घ्या. लुईस मिलर हा शेतीयंत्रांचा कारखानदार, पुढे थॉमस एडिसनचा सासरा झालेला. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने तिथल्या मेथडिस्ट चर्चसाठी संडे स्कूलची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांची, एक रचना सुचवली. मधोमध मोठं दालन, त्याच्याभोवती अर्धवर्तुळात छोट्या छोट्या खोल्या, आणि खोल्यांना सरकती किंवा घडीची दारं. प्रार्थनेला दारं उघडायची, सगळी मुलं एकाच व्यासपीठाकडे पाहणार. धडा सुरू झाला की दारं लावायची, प्रत्येक वर्ग आपापला. ‘ॲक्रन प्लॅन’ म्हणून ही रचना अमेरिकाभर पसरली. पुढे शिकवण्याची पद्धत बदलली, खोल्या अडगळीच्या झाल्या, दारं खिळे ठोकून बंद झाली किंवा काढून टाकली गेली. बाहेरची भिंत शाबूत आणि आतली कल्पना नाहीशी, अशी किती चर्च असतील!

मग आतल्या भागालाच संरक्षण द्यावं? बॉस्टनमध्ये एका कॅथलिक चर्चच्या बाबतीत हे करून पाहिलं गेलं. वेदी कुठे असावी हे सरकारी मंडळ ठरवू शकत नाही, असं सांगून मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये तो दर्जा रद्द केला. वापरातल्या चर्चच्या आत कायद्याने शिरणं अमेरिकेत फार अवघड आहे.

इंग्लंडने वेगळी वाट काढली. तिथे काही मोजक्या चर्च-संघटनांना सरकारी परवान्यातून सूट आहे, मेथडिस्ट त्यांपैकी एक. संरक्षित यादीतल्या चर्चमध्ये बाक हलवायचे, गॅलरी बंद करायची, तर परवानगी मेथडिस्ट चर्चची स्वतःची यंत्रणा देते. अट एवढीच की तिची छाननी सरकारी छाननीच्या तोडीची हवी. संपूर्ण इमारत पाडण्याला ही सूट लागू नाही. घरचेच परीक्षक, त्यामुळे पेपर सोपा जाईल, ही शंका रास्त आहे. पण उपासनेला काय लागतं हे कळणारी माणसं निर्णयाच्या टेबलाशी असतात, आणि म्हणून आतल्या भागाबद्दल निदान बोलणं तरी होतं.

सिॲटलला परत येतो. २००० नंतरच्या दशकात चर्च पाडून तिथे मनोरा उभा करायची योजना पुढे आली होती. शेवटी तोडगा निघाला तो न्यायालयाबाहेर. एका विकासकाने मालमत्ता घेतली, घुमटाखालचं सभागृह राखलं आणि त्याच तुकड्यावर शेजारी उंच मनोरा बांधला. मंडळी शहरातच नव्या वास्तूत गेली, आपलं काम घेऊन. जुन्या सभागृहात आधी मैफली होऊ लागल्या, पुढे समारंभ.

यावर मला हमखास विचारलं जातं, हे संवर्धन झालं की पराभव? माझं उत्तर संवर्धनवाले आणि चर्चवाले, दोघांनाही आवडत नाही. इमारत वाचली ती जमिनीच्या भावामुळे, ज्या भावाने ती जवळजवळ गिळली होती. जिथे भाव नाही, अशा खेड्यातल्या लाकडी मेथडिस्ट चर्चला हा तोडगा उपयोगाचा नाही. तिथे मनोरा बांधायला कोणीही येणार नाही.

म्हणून वारसा-दर्जाचे प्रस्ताव लिहिणाऱ्यांना माझं सांगणं असतं की वास्तुवर्णनाचं पान सगळ्यात शेवटी लिहा. आधी मालकी तपासा. युनायटेड मेथडिस्ट परंपरेत स्थानिक मंडळीची मालमत्ता संपूर्ण संप्रदायाच्या विश्वस्त-अटीवर असते, एकट्या मंडळीला ती परस्पर विकता येत नाही. त्यामुळे केवळ पाळकाशी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूशी, चहा पिऊन भागत नाही, वरच्या पातळीवरही बोलावं लागतं. मग संरचना-अभियंत्याकडून दुरुस्तीचा अंदाज घ्या. त्यानंतर वापरात न आलेल्या बांधकाम-हक्कांची विक्री, म्हणजे टीडीआर, त्या शहरात शक्य आहे का ते पाहा. आणि हे सगळे कागद हातात घेऊन मंडळीच्या सभेत जा, नामांकन दाखल करण्याच्या आधी.

आता प्रश्न घेऊ या.