रात्री टॉर्च घेऊन जावा, पान कडेनं बघा

बसा बसा, मागं जागा आहे. विषय ब्लूबेरीवरचे सोंडे, म्हणजे सोंडेसारखं लांब तोंड असलेले भुंगे, असा लावलाय, पण सुरुवात हुमणीपासनं करतो, कारण इथं बसलेल्या बहुतेकांच्या उसाला हुमणी लागून गेलीय आणि पांढरी अळी दिसली की आपल्या तोंडात तेच नाव येतं.

पन्हाळ्याच्या बाजूला आमचं थोडं रान आहे. तिथं शेडनेटखाली चाळीस पिशव्या लावल्या, कोकोपीटमध्ये, कारण ब्लूबेरीला पीएच 4.5 ते 5.5 लागतो आणि आपल्या काळ्या रानात तो मिळत नाही. पहिलं वर्ष झकास गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पानं तांबूस पडली, पाणी देऊनही झाडं दुपारी माना टाकायला लागली. पान घेऊन दुकानात गेलो तर ते हातात न घेताच सांगितलं, मर आहे, बुरशीनाशकाची आळवणी करा. केली, तीनदा केली. पैसे गेले त्याचं एवढं नाही वाटत, पण पानाच्या कडेला खाचा होत्या हो, एसटीच्या तिकिटाला पंच मारल्यागत, त्या बघायला अर्धा मिनिट लागला नसता!

शेवटी आमच्या हिनं एक झाड धरून हलवलं तर ते अलगद वरच आलं. बारीक मुळी एक नाही, खोडाच्या बुडाची साल गोल कुरतडलेली. पिशवी गोणपाटावर उपडी केली, तर भाताच्या दाण्यापेक्षा जराशा मोठ्या पांढऱ्या अळ्या, वाकड्या, डोकं तपकिरी. मी म्हटलं हुमणी. ती म्हणाली, "मग पाय कुठायत?" हुमणीला पुढं पायांच्या तीन जोड्या असतात, सोंड्याच्या अळीला एकही नसतो. तळहातावर घेऊन बघा, लगेच कळतं.

आपल्याकडं वांग्यावर राखी सोंडा असंच करतो, मोठा किडा पान खातो, अळी मुळं खाते. युरोप-अमेरिकेत ब्लूबेरीवर ब्लॅक व्हाइन वीव्हिल नावाचा सोंडा आहे, त्याला उडता येत नाही आणि त्यात नर नसतोच, सगळ्या माद्या, एक मादी आली तरी शेकडो अंडी घालते. ती दिवसा दडून बसते, खाते रात्री, म्हणून टॉर्च.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत, पटापट सांगतो. खाचा दिसल्या की रात्री झाडाखाली पांढरं कापड पसरून फांद्या हलवा, सोंडे पाय आखडून पडतात, साबणाच्या पाण्यात टाका, आणि हे अंडी घालायच्या आधी. अळीसाठी मेटारायझियम, म्हणजे किडीला मारणारी बुरशी, हुमणीला वापरता तीच, किंवा मित्र सूत्रकृमी, म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारीक जंत. सूत्रकृमी म्हटल्यावर दचकू नका, डाळिंबाच्या मुळाला गाठी करणारा वेगळा. हा मित्र, हेटेरोऱ्हॅब्डायटिस, अळीत शिरतो, त्याच्यातले जिवाणू दोनेक दिवसांत तिला मारतात, मेलेली अळी विटेसारखी लाल होते. सोडायचा संध्याकाळी, कोकोपीट आधी भिजवून, उन्हात तो मरतो. आणि नर्सरीतनं रोप आणलं की पिशवी काढून मुळं बघूनच आत घ्या, बऱ्याचदा अळी त्यातनंच येते.

बाहेर गोणपाटावर दोन पिशव्या ठेवल्यात, एक चांगली, एक लागलेली. हात घालून बघा, अळीचे पाय शोधा.