एका पाउंडात अडीचशे दुकानं! होमबेसचं नेमकं काय झालं?

एक पाउंड. तेव्हाच्या हिशोबाने नव्वदएक रुपये, आपल्याकडे रंगाचा एक बरा ब्रश येईल तेवढ्यात. आणि २०१८ साली तेवढ्यात ब्रिटनमधली होमबेस नावाची अख्खी चेन विकली गेली, जवळपास अडीचशे दुकानं, हजारो कामगार सगळं धरून.

आता होमबेस काय ते सांगतो. आपल्याकडे नळ गळला की आपण प्लंबरला फोन करतो आणि तो "येतो येतो" म्हणत चार दिवस लावतो. तिकडे मजुरी इतकी महाग की लोक स्वतःच ड्रिल घेऊन भिडतात, त्यामुळे खिळ्यापासून किचनपर्यंत सगळं एका छपराखाली देणारी मोठी दुकानं चालतात. सेन्सबरीज या सुपरमार्केटवाल्यांनी बेल्जियमच्या एका कंपनीला सोबत घेऊन १९७९ मध्ये होमबेस काढली, १९९५ मध्ये टेक्सास होमकेअर ही दुसरी चेनही गिळली. २००२ मध्ये ती विकली गेली तेव्हा किंमत होती ९० कोटी पाउंड! हा आकडा डोक्यात ठेवा.

२०१६. ऑस्ट्रेलियाची वेसफार्मर्स येते आणि ३४ कोटी पाउंडात होमबेस घेते. बनिंग्ज यांचीच, म्हणजे ऑस्ट्रेलियात या धंद्यातला दादा. त्याच वर्षी तिकडे वूलवर्थ्स या ऑस्ट्रेलियन सुपरमार्केटवाल्यांनी मोठ्या थाटात काढलेली मास्टर्स ही चेन बनिंग्जसमोर टिकली नाही, बंद पडली. मग काय, हवा डोक्यात गेली असणार ना, म्हणजे हे आपलं माझं मत.

कारण आल्या आल्या यांनी केलं काय तर होमबेसच्या वरच्या साहेबांना घरी पाठवलं, म्हणजे ब्रिटिश गिऱ्हाईक कोणत्या महिन्यात काय घेतं हे ज्यांना पाठ होतं तेच गेले. मग लॉरा ॲशली, हॅबिटॅट हे दुकानातले ब्रँड काढले, पडदे, उशा, शोभेच्या वस्तू कमी केल्या. अहो, होमबेसला बरेच लोक त्यासाठीच यायचे! भिंत फोडायला नाही, घर सजवायला. त्या जागी आली अवजारं, बागेचं सामान, बार्बेक्यू, आणि ब्रिटनमध्ये ऊन किती दिवस पडतं ते तुम्हीच बघा. हिवाळ्यात कशाला किती मागणी असते याचा अंदाज चुकला हे तर पुढे कंपनीनेच कबूल केलं.

२०१७ मध्ये सेंट ऑल्बन्सला पहिलं बनिंग्ज उघडलं, पण वीसेक दुकानांची पाटी बदलेपर्यंत उरलेल्या होमबेसची विक्री घसरत गेली, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत वेसफार्मर्सने एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा जास्त रक्कम बुडीत खात्यात टाकली. मे महिन्यात हिल्को आली, म्हणजे डबघाईला आलेल्या कंपन्या घेणारी कंपनी, एक पाउंड देऊन सगळं घेऊन गेली.

हिल्कोने बरीच दुकानं बंद केली, मध्ये थोडा नफाही दिसला, घरात अडकलेल्या लोकांनी कोविडमध्ये भिंती रंगवल्या त्याचाही हातभार लागला. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये होमबेस दिवाळखोरीच्या कारवाईत गेलीच. नाव आणि सत्तरपर्यंत दुकानं द रेंज या दुसऱ्या ब्रिटिश चेनच्या मालकांनी उचलली.

आणि बनिंग्ज? ती तिकडे ऑस्ट्रेलियात मजेत आहे, वीकेंडला दुकानाच्या दारात सॉसेज भाजणं चालूच.