खपलीची पाठ

ही खपली जवळून पाहा. नखाएवढी आहे, कडा वर वळलेल्या. भिंतीवर नुसता हात फिरवला आणि ती सुटून आली. रंगकामाच्या घाईत अशा खपल्या झाडून टाकल्या जातात. त्याआधी एकदा ती उलटी करा. भिंतीला काय झालंय ते तिच्या पाठीवर दिसतं.

पाठीवर नुसता जुना रंग दिसला, तर दोन थर एकमेकांना धरूनच राहिलेले नाहीत. बहुधा खालच्या थराची भुकटी होत असताना कोणीतरी वरून नवा हात मारला होता. पाठीला चुना आणि वाळू चिकटून आली, तर दोष रंगाचा नाही, गिलावाच सुटतोय. आणि ही पांढरी, मिठासारखी भुरभुर दिसली, तर भिंतीला लोणा लागलाय. म्हणजे आत पाणी आहे.

विटांमध्ये, सिमेंटमध्ये विरघळणारे क्षार असतात. जमिनीतून चढणारी ओलही ते सोबत आणते. पाणी भिंतीबाहेर येऊन वाळतं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिकांना वाढायला जागा लागते. ती ते रंगाच्या मागे करून घेतात. रंग फुगतो, फुटतो, पोपडे सुटतात. पाणी येतंय तोवर इथे कितीही चांगला रंग लावा, तो टिकणार नाही.

पाणी कुठून येतं, हेही भिंतच दाखवते. पायथ्याशी आडवा पट्टा असेल, तर जमिनीची ओल किंवा भिंतीला टेकलेली माती. वरून खाली ओघळ असेल, तर माथ्यावरची भेग, नाहीतर गळकी पन्हळ. खात्री करायची असेल, तर फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवा. भिंतीच्या बाजूला थेंब जमले, तर ओल आतली आहे.

आता खरवडणं. इथे जिवाची काळजी आधी. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांना सर्वांत जास्त अपाय करते. शंका असेल तर रंग तपासून घ्या. कोरडं घासू नका. पाणी फवारत, ओलं ठेवून खरवडा. खाली प्लॅस्टिक अंथरा, बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

सगळा रंग काढायची गरज नसते. घट्ट बसलेला राहू द्या. पण त्याची कड हाताला लागता कामा नये. नवा रंग वाळताना आकसतो आणि सैल कड वर ओढतो. पुढची खपली तिथूनच सुरू होते. म्हणून कडा ओल्या पॉलिश पेपरने उतरत्या करायच्या.

लोणा मात्र कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा. पाण्याने धुतला, तर क्षार विरघळून पुन्हा आत शिरतात.

भेगा भरताना माझा एक आग्रह आहे. भिंत चुन्यातली असेल, तर तिला चुन्यानेच भरा. सिमेंट कडक असतं, वाफेला सहज वाट देत नाही. मग ओल शेजारच्या मऊ विटेतून बाहेर पडते आणि वीटच झिजते. असं खाल्लेलं वीटकाम पाहिलं, की वाईट वाटतं. भिंत सिमेंटची असेल, तर नवा गिलावा साधारण 28 दिवस मुरू द्या.

रंगाचंही तसंच. जुन्या भिंतीला वाफ जाऊ देणारा रंग हवा. चुन्याची सफेदी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पुन्हा चुनखडीसारखी कडक होते. सिलिकेट रंग, ज्याचं पेटंट आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी 1878 साली घेतलं, भिंतीतल्या खनिजांशी जोडला जातो. पण दोन्हींना उघडा गिलावा लागतो. प्लॅस्टिक रंगाच्या थरावर सफेदी धरत नाही.

भिंतीवर तळवा घासा. भुकटी लागली, तर आधी तिला बांधून ठेवणारा प्रायमर. मग सावलीत, पातळ दोन हात.

या कोपऱ्यातला हातभर भाग आज कोराच राहील. पन्हळ दुरुस्त झालीये, पण तिथलं प्लॅस्टिक काढलं, तेव्हा आतून अजून थेंब होते.