मास्क खांबाला का चिकटतो?

मंडळी, मरीन ड्राइव्हवरचा साधा शॉट घेऊ. टॅक्सी डावीकडून उजवीकडे जातेय, मध्ये दिव्याचा खांब येतो आणि तिची नंबरप्लेट झाकायची आहे. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्लर लावला, तो प्लेटपुरताच राहावा म्हणून तिच्याभोवती मास्क, म्हणजे एक आकार, काढला आणि तो प्लेटमागे आपोआप सरकावा म्हणून ट्रॅक सुरू केलं. खांबापर्यंत सगळं सुरळीत. मग टॅक्सी पुढे निघून जाते आणि मास्क खांबालाच चिकटून बसतो.

ट्रॅकरला टॅक्सी कळतच नाही हो. मास्कच्या आतल्या कडा आणि उजेड-अंधाराची नक्षी तो लक्षात ठेवतो, पुढच्या फ्रेममध्ये तशीच शोधतो. खांबाची कड प्लेटपेक्षा ठळक निघाली की तो तिच्यामागे जातो. म्हणून खांबाच्या दोन फ्रेम आधीच ट्रॅक थांबवा. खांबापलीकडे प्लेट पुन्हा पूर्ण दिसते तिथे मास्क हाताने बसवा आणि तिथून पुढे चला. मधले चुकीचे कीफ्रेम, म्हणजे त्या-त्या फ्रेममधल्या मास्कच्या जागेच्या नोंदी, पुसले की ती फट सॉफ्टवेअर स्वतः भरून काढतं.

सुरुवात क्लिपच्या पहिल्या फ्रेमपासूनच करायची, असं कुणी सांगितलंय? प्लेट जिथे सर्वांत मोठी आणि स्वच्छ दिसते तिथे थांबा. तिथून पुढे ट्रॅक करा, परत त्याच जागी या आणि मागे करा.

सगळ्यात जास्त गफलत मास्कच्या आकारात होते. ‘जरा मोठाच काढू, सुरक्षित राहील’ म्हणून आपण बंपर आणि रस्ताही आत घेतो. रस्ता वेगळ्या गतीने सरकतो आणि मास्कला ओढत नेतो. मास्क प्लेटपुरताच काढा. ट्रॅक पूर्ण झाल्यावर ‘मास्क एक्स्पान्शन’ने १०-२० पिक्सेल वाढवा. पाथच्या, म्हणजे मास्कच्या मूळ रेषेच्या, कीफ्रेमना त्याचा धक्का लागत नाही. फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, मात्र बेताने, कारण कडेचा ब्लर फिकट झाला की टोकाचे आकडे वाचता येतात.

पान्याच्या चिन्हाखाली ट्रॅकिंगची पद्धत असते. गाडी कॅमेऱ्याला आडवी जात असेल तर नुसती पोझिशन (जागा) पुरते. समोरून जवळ येत असेल तर स्केल (लहान-मोठं होणं) आणि रोटेशनही (फिरणं) हवं. अंधाऱ्या शॉटमध्ये उगाच स्केल दिलं, तर मास्क फुगतो नाहीतर आक्रसतो.

पावसाळ्यात काचेवरचे थेंब प्लेटपेक्षा जास्त चमकतात. तिथे कॉन्ट्रास्ट वाढवलेली, त्याच मापाची आणि त्याच फ्रेमरेटची (सेकंदाला तितक्याच फ्रेमची) वेगळी फाइल एक्स्पोर्ट करून तिच्यावर ट्रॅक करावं, मग मास्क मूळ क्लिपवर पेस्ट करावा. शूटिंग तुमच्याच हातात असेल, तर सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंदाऐवजी १/१०० ठेवा. प्लेट कमी फरफटते आणि ५० हर्ट्झच्या विजेवर दिवेही लुकलुकत नाहीत. फोनचं फुटेज असेल तर आधी ते स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या.

आता दुरुस्ती. ट्रॅकने प्रत्येक फ्रेमवर कीफ्रेम टाकलेला असतो. एकच फ्रेम सुधारलीत, तर मास्क तिथे क्षणभर उडी मारतो आणि जागेवर येतो. त्यामुळे पुढचे कीफ्रेम पुसून त्या फ्रेमपासून पुन्हा ट्रॅक करा. दाविंची या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये हीच दुरुस्ती ‘फ्रेम’ मोडमध्ये करायची. ‘क्लिप’ मोडमध्ये हात लावला, तर सगळ्या क्लिपभर विंडो, म्हणजे तिथला मास्क, सरकते.

शेवटची तपासणी एक्स्पोर्ट झालेल्या फाइलवरच, बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे नेत करा. सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि नंबर वाचायला त्यातली एकच उघडी राहिली तरी पॉज करणाऱ्याला पुरते.