माळ घालण्याआधी

(सोलापुरातील एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्याकडे कुणाची दारू सुटली म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "माळ घातली का?" पंढरपूर सत्तर-बहात्तर किलोमीटरवर, तेव्हा प्रश्न साहजिकच आहे. पण वर्षाच्या आत खुंटीला टांगलेली माळही इथल्या बऱ्याच जणांनी घरात पाहिली असेल. श्रद्धेत खोट नसते, क्रम चुकलेला असतो.

क्रमात पहिलं येतं शरीर. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली की शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम सुटतो. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण चौथ्या दिवसापर्यंत, काही जणांना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं हाका मारतात. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि देवऋषी शोधतात. इथे माणूस दगावतो. आधी दवाखाना, आणि तिथे तीन गोष्टी न लपवता सांगायच्या: रोज किती, शेवटची कधी, आणि जेवण किती दिवस नाही. उपाशी शरीरात बी-1 जीवनसत्त्व न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून जेवणाचं सांगणं फार महत्त्वाचं. कुठे न्यायचं कळत नसेल तर 14446 हा सरकारी हेल्पलाइन नंबर मोफत आहे.

आणि ती चहातून द्यायची, दारू सोडवायची गोळी! कुणीतरी ओळखीतून आणून देतं, बायको बिचारी गुपचूप मिसळते. डायसल्फिराम नावाची ही गोळी पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी कोसळतं, जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ही गोळी त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची, तीही शेवटचा घोट घेऊन किमान बारा तास झाल्यावर. चोरून दिलेली गोळी एक दिवस कळतेच, आणि मग तो घरचा चहासुद्धा पीत नाही.

शरीर सावरलं की माणसं लागतात. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून काही महिनेच झालेले, एका बाजूला बार. त्यानं चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्याला हवा होता आणखी एक दारुडा, बोलायला. त्यातून डॉक्टर बॉब भेटले आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो दुसऱ्याला वाचवायला नव्हता निघाला, स्वतः वाचायला निघाला होता.

त्यांच्या मीटिंगला फी नाही. पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. आपल्याला हेच सगळ्यात जड जातं. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या मीटिंग असतात. तिथे नवरा कसा सुधारेल हा विषयच नसतो, आपण कसं जगायचं हा असतो.

आता वही. दारू सोडण्याच्या या संघटनेच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी म्हणजे स्वतःचा हिशेब, आणि बहुतेक जण इथेच अडतात. शंभर पानी वही घ्या, पानावर चार रकाने पाडा: राग कुणाचा, कशामुळे, माझं काय दुखावलं, माझा वाटा काय. समजा लूमवरचा कामगार आहे. पहिल्या रकान्यात ‘शेठ’. दुसऱ्यात ‘डागी माल म्हणून मजुरी कापली’. तिसऱ्यात ‘पैसा, चारचौघांतला मान’. चौथा रकाना आठवडाभर कोरा. मग एक दिवस तिथे उमटतं: ‘त्या रात्रपाळीला पिऊन गेलो होतो, ताण्याची तार तुटलेली दिसली नाही.’ शेठ त्यामुळे साधू ठरत नाही, आधीचे तिन्ही रकाने तसेच राहतात.

वही दोन प्रकारे बिघडते. काही जण चौथा रकाना भरतच नाहीत. काही जण फक्त तोच भरतात, मी पापी, मी नालायक. तीही एक पळवाटच, कारण नालायक माणसाकडून कुणी काही मागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी चालतं. मराठी, तेलुगू, कन्नड, ज्या भाषेत तो भांडतो त्या भाषेत. पाचव्या पायरीला हे सगळं एका माणसासमोर बोलायचं असतं. तो माणूस म्हणजे बायको नसावी. तिनं पुरेसं ऐकलंय. काही वर्षं न पिता काढलेला जुना सभासद बरा.

देव कुठे आला, असं विचाराल. तिसऱ्या पायरीत देवापुढे ‘जसा आम्हाला समजला तसा’ हे शब्द मुद्दाम घातले, कारण सुरुवातीच्या मंडळींत न मानणारेही होते. कुणासाठी तो सिद्धेश्वर असेल, कुणासाठी विठोबा, कुणासाठी समोर बसलेली आठ माणसं. कालपर्यंत न जमलेलं आज यांच्यात बसल्यावर जमलं, एवढा अनुभव सुरुवातीला पुरतो.

माळेचं बळही असंच दिंडीत असतं. पुढे विणेकरी, बाजूला टाळकरी, मुक्कामाला सगळ्यांची एक पंगत; तिथे एकट्यानं गुत्त्याकडे वळायचं म्हटलं तरी दहा जण विचारतात, कुठे चाललास. आषाढी सरते, माणूस घरी येतो. एकादशी पंधरा दिवसांनी येणार आणि तल्लफ आजच संध्याकाळी, पगार हातात पडल्यावर. ती बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, पण तो अर्धा तास कुणाबरोबर काढायचा ते आधी ठरलेलं हवं. म्हणून पगाराच्या दिवशी सोबतीला कोण, त्याचा नंबर काय, हे माळ घालायच्या आधी लिहून ठेवा. दिंडीतलेच दोघं-तिघं आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी बसत असतील तर फारच चांगलं.

आणि घसरलाच, तर त्याच रात्री फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. पुढच्या मीटिंगला सगळ्यात आधी तेच सांगायचं. सोडल्याची तारीख नवी धरायची. वही मात्र जुनीच राहू द्यायची, फक्त पुढचं पान उघडायचं.