घरच्या आरओची निगा : टीडीएस आणि धार मोजून काय केव्हा बदलावे

नमस्कार. आरओ यंत्राबद्दल सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'फिल्टर किती महिन्यांनी बदलायचे?' याला सर्वांसाठी एकच उत्तर देता येत नाही, कारण गढूळ पाणी येणाऱ्या घरात जो फिल्टर तीन महिन्यांत चोक होतो, तोच स्वच्छ पाण्यावर वर्षभर टिकू शकतो. म्हणून आज आपण हे उत्तर आपल्या यंत्राकडूनच कसे काढून घ्यायचे ते पाहणार आहोत. त्यासाठी एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, दाखवणारे उपकरण), एक लिटरची बाटली आणि घड्याळ एवढे साहित्य पुरते.

आधी पाण्याचा प्रवास थोडक्यात पाहू. नळाचे पाणी प्रथम सेडिमेंट फिल्टरमधून जाते, जिथे माती, गंज आणि बारीक कण अडतात. पुढे कार्बन फिल्टर क्लोरीन शोषून घेतो. त्यानंतर पंप पाण्याचा दाब वाढवतो आणि ते मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पातळ पडद्यावर, ढकलतो. तिथे पाण्याचे दोन प्रवाह होतात. शुद्ध पाणी टाकीकडे जाते आणि क्षार घेऊन निघालेले उरलेले पाणी वेस्टच्या नळीतून बाहेर पडते. या साखळीत सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग मेंब्रेनच आहे, आणि त्याचे आयुष्य त्याच्या आधीच्या दोन स्वस्त फिल्टरांवर अवलंबून असते.

आता मोजमाप करू. नळाच्या पाण्याचा टीडीएस मोजा आणि मेंब्रेनमधून बाहेर पडणाऱ्या शुद्ध पाण्याचा मोजा. हे दुसरे पाणी यंत्राच्या तोटीतून घेऊ नका. अनेक यंत्रांत टीडीएस ॲडजस्टर किंवा मिनरल कार्ट्रिज असते, आणि त्यामुळे तोटीच्या पाण्यात क्षार मुद्दाम मिसळलेले असतात. वीज आणि पाणी बंद करून मेंब्रेन हाउसिंगच्या (मेंब्रेन ज्यात बसते त्या नळकांड्याच्या) शुद्ध पाण्याच्या टोकाची नळी सोडवा, यंत्र सुरू करा आणि पहिली काही मिनिटे येणारे पाणी वाहू द्या. यंत्र बंद असताना क्षार हळूहळू मेंब्रेनच्या पलीकडे झिरपत असतात, त्यामुळे सुरुवातीच्या पाण्याचा टीडीएस नेहमीच जास्त दिसतो, आणि तेवढ्यावरून मेंब्रेन गेले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. समजा, नळाच्या पाण्याचा टीडीएस ६४० आहे आणि मेंब्रेनच्या पाण्याचा ३२ आला, तर ६४०पैकी ६०८ अडले, म्हणजे ९५ टक्के क्षार अडत आहेत. चांगले मेंब्रेन साधारण ९० ते ९८ टक्के क्षार अडवते. हा आकडा ८० टक्क्यांखाली घसरला आणि बाकी सारे ठीक असेल, तर मेंब्रेन बदलण्याची वेळ आली असे समजावे.

दुसरे मोजमाप धारेचे. त्याच नळीखाली एक लिटरची बाटली ठेवा आणि ती भरायला किती वेळ लागतो ते पाहा. मेंब्रेनवर ७५ जीपीडी (गॅलन प्रतिदिन) असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ दिवसाला सुमारे २८४ लिटर, म्हणजे तासाला जेमतेम १२ लिटर, असा होतो. अशा मेंब्रेनवर बाटली भरायला सुमारे पाच मिनिटे लागली पाहिजेत. मात्र हा आकडा २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यासाठी आणि ठरावीक दाबासाठी असतो. पाणी एक अंशाने थंड झाले की उत्पादन साधारण तीन टक्क्यांनी घटते. थंडीत धार मंदावली म्हणून घाईने फिल्टर बदलणारे अनेक जण असतात. त्यांनी पाण्याचे तापमान आधी पाहावे. दोन्ही आकडे तारखेसह यंत्राच्या झाकणाच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावर लिहून ठेवा. पुढील निदान याच नोंदीवरून होणार आहे.

टीडीएस पूर्वीइतकाच आहे पण धार कमी झाली आहे, तर संशय प्रथम सेडिमेंट फिल्टरवर, मग कार्बनवर आणि मग पंपावर घ्यावा. मेंब्रेनपर्यंत पुरेसे पाणी आणि दाब पोहोचतच नसेल, तर त्यात मेंब्रेनचा दोष नसतो. धार कमी होत चालली आहे आणि टीडीएसही चढतो आहे, तर मेंब्रेनवर कॅल्शियमचे क्षार साचत असण्याची शक्यता जास्त असते. पण टीडीएस वाढला आणि धारही वाढली, तर ते सर्वांत वाईट लक्षण आहे. पाणी भरपूर येते म्हणून घरातले सगळे खूश असतात, पण मेंब्रेनचा क्षार अडवणारा थर खराब झालेला असतो किंवा कुठेतरी कच्चे पाणी गळून शुद्ध पाण्यात मिसळत असते.

हा थर खराब कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. १९६०च्या सुमारास लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी सेल्युलोज ॲसिटेटचे मेंब्रेन विकसित केले. ते मेंब्रेन थोडेफार क्लोरीन सोसत असे. पुढे १९७०च्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडच्या अतिशय पातळ थराचे मेंब्रेन घडवले. आज घराघरांतील यंत्रांत त्याच जातीचे मेंब्रेन असते. ते कमी दाबावर अधिक क्षार अडवते, पण क्लोरीनने त्याचा थर रासायनिकदृष्ट्या तुटतो, आणि एकदा तुटलेला थर कोणत्याही धुण्याने परत जुळत नाही.

म्हणूनच कार्बन फिल्टरकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत जास्त खटकते. (जवळून दृश्य : दोन्ही वापरलेले फिल्टर शेजारी शेजारी.) हा सेडिमेंट फिल्टर पाहा. नवा असताना तो पांढराशुभ्र होता, आता बाहेरून तपकिरी झाला आहे आणि बोट फिरवले की चिकट गाळ हाताला लागतो. हा संपला आहे हे कोणीही ओळखेल. शेजारचा कार्बन मात्र संपला तरी जसाच्या तसाच दिसतो. त्याची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. कार्बनमधून बाहेर पडलेले थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात क्लोरीन तपासण्याची डीपीडी नावाची गोळी विरघळवा. पाणी गुलाबी झाले तर क्लोरीन पुढे मेंब्रेनपर्यंत जात आहे, आणि कार्बन त्याच दिवशी बदलला पाहिजे. नवा कार्बन बसवल्यावर त्यातून निघणारे काळे पाणी मेंब्रेनला जोडण्यापूर्वी बादलीत काढून टाका आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या, नाहीतर ती काळी भुकटी थेट मेंब्रेनवर जाऊन बसते.

मेंब्रेन बदलताना त्याची दोन टोके नीट पाहा. एका टोकाला मधल्या नळीवर दोन बारीक ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, असतात. ते टोक हाउसिंगच्या तळातील खाचेत घट्ट बसले पाहिजे. दुसऱ्या टोकाला बाहेरच्या कडेने रबरी सील असते. बसवताना एखादी ओ-रिंग दुमडली, तर कच्चे पाणी तिथूनच शुद्ध पाण्यात शिरते आणि कोरे करकरीत मेंब्रेनही पहिल्याच दिवशी जास्त टीडीएस दाखवते. ओ-रिंगला खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीसचे बोट लावावे. पेट्रोलियम जेली लावू नये, तिने रबर फुगते. नव्या मेंब्रेनमध्ये ते टिकवण्यासाठी रसायन घातलेले असते, म्हणून पहिली भरलेली टाकी संपूर्ण रिकामी करून टाका.

आता वेस्टच्या पाण्याविषयी. ते वाया जाते याचे वाईट वाटणे योग्यच आहे, आणि ते फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरावे. पण ते कमी व्हावे म्हणून वेस्टच्या नळीवरील एफआर, म्हणजे प्रवाह रोखणारी ती छोटी नळकांडी, परस्पर बदलू नका किंवा ती नळी चिमटू नका. हिशेब असा आहे : चार लिटरपैकी एक लिटर शुद्ध काढले, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या तीन लिटरांत राहतात, म्हणजे त्यांचे प्रमाण सुमारे १.३३ पट होते. चारपैकी दोन लिटर शुद्ध काढले तर ते दुप्पट, आणि तीन काढले तर चौपट होते. पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेले, असेल, तर एवढ्या दाट क्षारांचा थर मेंब्रेनवर बसायला फार दिवस लागत नाहीत. यंत्र बंद असतानाही वेस्टची नळी वाहत राहिली, तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारी झडप, नीट बंद होत नाही असे समजून तो आधी तपासा.

टाकीकडे वळू. शुद्ध पाण्यात क्लोरीन उरलेले नसते, त्यामुळे टाकीच्या भिंतींवर जंतूंचा बुळबुळीत थर वाढू शकतो, आणि टीडीएस मीटरला तो दिसत नाही, कारण ते मीटर फक्त पाण्याची विद्युतवाहकता मोजते. टाकी ब्लीचने निर्जंतुक करायची असेल, तर मेंब्रेन आणि कार्बन आधी काढून ठेवा, कंपनीच्या पुस्तिकेतील प्रमाण पाळा आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत टाकी धुऊन काढल्यावरच ते परत बसवा. काही यंत्रांत जंतू मारण्यासाठी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा असतो. तो निळा दिसतो म्हणून काम करतो आहे असे मानू नका. जंतू मारणारे सुमारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि निळा प्रकाश तसाच असतानाही ते मंदावत जातात. सतत चालणारा दिवा साधारण ९००० तासांनी, म्हणजे वर्षभराने, बदलावा. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

बरेच दिवस घर बंद राहणार असेल, तर पाण्याचा व्हॉल्व्ह आणि वीज बंद करून टाकी रिकामी करा, पण मेंब्रेन बाहेर काढून सुकू देऊ नका. एकदा भिजलेले मेंब्रेन वाळले की त्याची धार घटते. परतल्यावर यंत्र सुरू करून पहिली टाकी ओतून द्या, दुसऱ्या टाकीच्या वेळी दोन्ही मोजमापे घ्या, आणि आकडे कागदावरील जुन्या नोंदीशी जुळले की मगच ते पाणी पिण्यासाठी भरा.